पाचवं शिंगरू

१

नानाजींच्या पागेत पाचवं शिंगरू मेलं. त्यात फायदा कोणाचा, हा हिशेब डॉ. कांता मेश्राम यांनी लूनावर बसल्या बसल्या चारदा मांडला. चारही वेळा उत्तर शून्याच्या खालीच आलं.

नानाजी पागेचे मालक. त्यांना फायदा नाही आणि तोटाही नाही, कारण हे शिंगरू मुळात त्यांचं नव्हतंच. मनसाराम त्यांचा कारभारी. त्याला मालकाची बोलणी बसायची, पण ती आधीच्या चार शिंगरांपायी खाऊन झाली होती. डोमा सईस, त्याला आणखी एक खड्डा खणायचा. आणि भागीरथा, तलावावर मासोळी मारून पोट भरणारी ढिवरीण. तिचं मात्र सगळंच गेलं होतं. इतक्या वजाबाक्या एका रांगेत उभ्या दिसल्या की कांताबाईंचा जीव थाऱ्यावर राहत नसे. बेरीज कुठेतरी दडलेली असणार, आणि ती सापडेपर्यंत त्यांना घास गोड लागणार नव्हता.

१९८७ सालचा जानेवारी सरत आला होता. चामोर्शीपासून दोन कोसांवरच्या या पागेत वरातीसाठी आणि टांग्यांसाठी घोडे तयार होत. महिन्याभरात तिथल्या चार घोड्या गाभडल्या होत्या. रोग कांताबाईंनी ओळखला होता. नागिणीच्या जातकुळीतला विषाणू. घोडीला साधं पडसं होतं, कोणी लक्षही देत नाही, आणि महिना-दोन महिन्यांनी धडधाकट दिसणारी घोडी अचानक मेलेलं शिंगरू टाकते. म्हणून त्यांनी पागेला बंदी घातली होती. जनावर आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही, आणि मेलेलं शिंगरू आपल्याला दाखवल्याशिवाय पुरायचं नाही.

त्याप्रमाणे आज मनसारामचं बोलावणं आलं होतं. पाचव्या घोडीचं नाव सावळी. ती नानाजींची, पण पाच वर्षं भागीरथेकडे बटईवर. बटईची रीत सगळ्या मुलखाला ठाऊक: जनावर मालकाचं, चारापाणी पाळणाऱ्याचं, पहिलं पिल्लू मालकाचं, दुसरं पाळणाऱ्याचं. सावळीचं पहिलं शिंगरू पागेत जमा झालं होतं. हे दुसरं. फक्त विण्याआधी दोन महिने घोडी पागेत आणून बांधायची, ही नानाजींची अट.

"लिहा बाई, लवकर लिहा," मनसाराम म्हणाला. "सावळीचं शिंगरू मेलं, एवढंच पायजे. ते बाई तिकडं कुंपणाले टेकून हाय. तुमचा कागद पाह्यल्याशिवाय हलत नाई."

शिंगरू ताडपत्रीवर पडलं होतं. कांताबाईंनी टेप लावली. अंगावर केस पूर्ण, खूर पूर्ण, म्हणजे दिवस भरत आलेले. पण लांबीला मात्र चांगलं वीतभर कमी. एक कान कापलेला होता, त्यात नवल नव्हतं. बटईचं जनावर मेलं की पुरावा म्हणून कान दुसऱ्याच्या हातात द्यायचा असतो. पण पाठीवरचं कातडंही गेलेलं होतं, घोंगडीएवढा तुकडा.

"हे काय?"

"कुत्र्यायनं ओढलं जी."

त्यांनी पोट उघडलं. काळजावर बारीक पांढुरके ठिपके, छातीत पाणी. रोग तोच. बाटलीत तुकडे भरले, कागदावर सही केली. कुंपणापाशी भागीरथा उभी होती. पदराच्या टोकात कान बांधलेला.

"कागद काय म्हंते, बाई?"

"मेलं म्हणतो."

"मंग मेलंच असंल," ती म्हणाली आणि डोक्यावर टोपली चढवून तलावाकडे चालू लागली.

कांताबाई निम्म्या वाटेवर आल्या आणि त्यांचा हात आपोआप ब्रेकवर गेला. कुत्रा कातडं ओढतो, फाडतो, लोंबवतो. सरळ रेषेत कापत नाही.

२

तिसऱ्या दिवशी भागीरथा जनावरांच्या दवाखान्यात आली. टोपली दाराबाहेर ठेवून तिनं पदराची गाठ सोडली.

"हा कान माह्या सावळीच्या लेकराचा नाई."

परिचर देवराव खुर्चीवरून उठले. नोकरीची अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि आपल्याला आता काही नवीन ऐकायला मिळणार नाही अशी त्यांची खात्री होती. "काऊन बाप्पा? कानावर नाव लिवलं हाय का?"

"लाहान हाय. सावळीचा कान माह्या पंजापेक्षा मोठा. हा तट्टाचा कान हाय, देवरावभाऊ."

"मेलेलं लेकरू मायच्या मापाचं असते का?"

"तुमी माणसायचं सांगा, मी घोड्यायचं सांगतो."

कांताबाईंनी तिला बसवलं. ती बसली नाही, भिंतीला टेकली. गुडघे एकदा वाकले की उठवत नाही, म्हणाली. बाजाराच्या दिवशी दोन कोस ओली टोपली डोक्यावर. शिंगरू मोठं झालं असतं तर तीन वर्षांनी टोपली त्याच्या पाठीवर गेली असती. पाच वर्षं तलावाच्या काठचं गवत कापून सावळीला घातलं, ते एवढ्यासाठीच. आणि आता मनसाराम म्हणतो की रोग पागेत आणला तो सावळीनंच. बंदी उठली की होळीनंतर घोडी बटईतून काढणार.

"म्हणजे शिंगरूही गेलं आणि घोडीही," कांताबाई म्हणाल्या.

"अन् दोष माह्यावर राह्यला. तो कोणी घेऊन जात नाई."

ती गेल्यावर कांताबाई दवाखान्याच्या पडवीत येरझारा घालू लागल्या. त्यांच्या सहीचा कागद भागीरथेच्या विरुद्ध उभा होता. मनसारामला डॉक्टर नको होती, सही हवी होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या पेनानं दिली होती.

शेवटी पाचही शिंगरांचे तुकडे त्यांनी बर्फात बांधले. बसनं चंद्रपूर आणि तिथून रेल्वेनं उत्तरेतल्या एका प्रयोगशाळेत. त्यांची कॉलेजातली मैत्रीण तिथे विषाणूंवर काम करत होती.

"रोग तर समजला ना बाई," देवराव दोरी आवळत म्हणाले. "मंग कायले धाडता?"

"रोग समजला. त्याचं घराणं समजलं नाही."

"रोगालेबी घराणं असते?"

"तेच विचारून राह्यली," कांताबाई म्हणाल्या. बेचैन झाल्या की त्यांच्या तोंडून घरची बोली निघे.

३

पत्र होळीच्या आठवडाभर आधी आलं. सोबत एक काळपट फोटो: पाच उभे रस्ते, प्रत्येकावर शिडीसारख्या आडव्या पट्ट्या.

मैत्रिणीनं लिहिलं होतं: "पाचही ठिकाणी तोच विषाणू आहे. पण तू घराणं विचारलंस म्हणून पुढे गेले. विषाणूच्या पोटातल्या लांब धाग्यावर एक रसायन सोडलं, ते कात्रीसारखं काम करतं. धाग्यावर ठरावीक खूण दिसली की तिथेच कापतं, बाकी कुठे नाही. मग तुकडे जेलवर चालवले. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात, त्याची ही शिडी. एका साथीतल्या विषाणूंची शिडी सारखी येते. तुझ्या पहिल्या चारांची तशी आहे. पाचव्यात मात्र खालच्या दोन पायऱ्या नाहीत आणि वर एक नवी, मोठी पायरी आहे. म्हणजे तिथली खूण बदललेली आहे, कात्री तिथे चाललीच नाही. असा बदल एका पागेत महिन्याभरात होईल असं मला वाटत नाही. तीनदा चालवून पाहिलं. तुझ्या पाचव्या शिंगरानं रोग या पागेत घेतलेला नाही."

देवरावांनी फोटो उलटा धरला, मग सुलटा. "म्हंजे सावळीनं आपला रोग आपल्यासंगं आणला. मनसाराम खरंच बोलला."

"सावळीनं आणला असता तर बाकीच्या चौघींना तोच लागला असता. शिडी एकच आली असती."

"बरं. मंग दोन रोग म्हणा. एक पागेचा, एक सावळीचा."

"म्हणता येईल," कांताबाईंनी कबूल केलं. "सावळीला आधीच बाहेर कुठेतरी लागलेला. पण मग लांबी वीतभर कमी का? कातडं कापलं कोणी? आणि एवढ्या मोठ्या घोडीच्या पोटात तट्टाचा कान कुठून आला?" त्यांनी फोटो खिडकीशी धरला. "देवरावभाऊ, हे शिंगरू सावळीचं नाहीच."

"मंग सावळीचं कुठी हाय?"

४

डोमा घोड्याच्या अंगाला खरारा करत होता. कांताबाई कुंपणाच्या काठीवर हात टेकून उभ्या राहिल्या.

"डोमाभाऊ, त्या शिंगराचं कातडं कोणी काढलं?"

"कुत्र्यानं जी."

"कुत्र्याले चाकू कोणी देला?"

खरारा थांबला. घोड्यानं मान वळवून डोमाकडे पाहिलं, त्यालाही उत्तर हवं असल्यासारखं.

"मले नका विचारू बाई. लेकरंबाळं हायेत."

"बरं, दुसरं विचारते. त्या दिवशी पागेत बाहेरचं जनावर होतं?"

"आत नाई जी. तुमची बंदी होती ना. त्या बाजारकऱ्या इसरूचे तट्टू तर कुंपणाच्या बाहेरच बांधले होते." बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो घोड्याच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि तिकडूनच खरारा करू लागला.

मनसारामनं चहा मागवला. त्याचं उत्तर पाठ होतं: सावळी, रोग, कागद, सही. सहीवर तो दरवेळी जरा थांबे. "तुमचीच सही हाय बाई. आता तुमीच म्हणान खोटी, तं वर काय सांगान?"

हा टोला बरोबर बसला. कांताबाईंनी चहा तसाच ठेवला.

नानाजी बाजेवर बसून सुपारी कातरत होते. दिवाळीत जत्रेतून नवीन घोडी आणली होती ना, तिचं नाक वाहत होतं का, असं कांताबाईंनी विचारलं.

"वाहत होतं. थंडी लागली असंल."

"पहिली तीच गाभडली."

नानाजींचा अडकित्ता क्षणभर उघडा राहिला. चार शिंगरं कोणी मारली हे त्यांना कळलं होतं, आणि ते मोठ्यानं ऐकायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी विषय बदलला. सगळी श्रीमंत माणसं बदलतात तसा, स्वतःच्या आवडीकडे.

"पोरगं नागपूरले शिकते बाई. चार वर्षांनी लगन करीन. वरात पंचकल्याणीवर निघंल. चारी पाय पांढरे अन् तोंडावर पांढरा पट्टा. या जिल्ह्यात तसं जनावर नाई."

"पोरगी पाहिली?"

"पोरगीचं काय, मिळते. पंचकल्याणी मिळत नाई." ते हळहळले. "सावळीच्या पहिल्या शिंगराचे तीन पाय पांढरे निंगाले होते. एका पायानं हुकलं. मनसाराम म्हंते, मालक, फिकर करू नका, मी कुठूनबी आणून देतो."

कांताबाई उठल्या. ज्या बेरजेचा पत्ता महिनाभर लागत नव्हता, तिला आता चार पाय फुटले होते.

५

"पण लपवणार कुठी?" दुपारी देवरावांनी विचारलं. "शिंगरू म्हंजे सुपारी नाई का कनवटीले खोसली. दूध लागते. माह्या सासऱ्याची म्हैस पारडू मेल्यावर दोन दिवस दूध चोरून बसली होती. मंग पारड्याचं कातडं काढलं, त्यात तनस भरली, पुढं उभं केलं. वास आला तवा पान्हा सोडला."

कांताबाईंच्या येरझारा थांबल्या.

"पुन्हा सांगा."

"म्हैस—"

"म्हैस राहू द्या. कातडं." त्या स्टुलावर बसल्या, पुन्हा उठल्या. "जिवंत शिंगराला घोडी पाहिजे, दूध उतरलेली, आणि जवळ पिल्लू नसलेली. पागेतल्या चौघी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. मग उरली कोण? त्या दिवशी जिचं मेलं तीच. मेलेल्याचं कातडं जिवंताच्या पाठीवर बांधलं, म्हणजे आईला आपल्याच पिल्लाचा वास येतो. सावळीच्या पिल्लाच्या जागी जिचं मेलेलं ठेवलं, सावळीचं जिवंत तिच्याचखाली आहे. नुसती अदलाबदल."

"अन् तट्टू कुंपणाबाहेर कोणाचे होते?" देवराव टोपी शोधू लागले.

इसरू जंगलातून मोहफूल, डिंक, चारोळी तट्टांवर लादून आणी आणि मीठ-मिरची घेऊन परते. सूरजागडच्या बाजूपासून पार सिरोंचाकडच्या घोड्यांपर्यंत त्याच्या जनावरांची ऊठबस. त्यांचा रोग वेगळ्या घराण्याचा निघाला त्यात आश्चर्य नव्हतं. चामोर्शीच्या बाजारात तो चिंचेखाली बसला होता. मागे दोनच तट्टू.

"रामराम इसरूभाऊ," कांताबाई म्हणाल्या. "तिसरी घोडी कुठी?"

"बहिणीच्या घरी हाय. बाळंतीण."

"काय झालं?"

"शिंगी. मादी हाय."

"जिती हाय?"

"जिती म्हंजे? उड्या मारून राह्यली." इसरूच्या तोंडावर कौतुक आलं. तिथेच तो फसला, कारण कौतुक माणसाला गप्प बसू देत नाही. "चारी पाय पांढरे बाई. तोंडावर असा पट्टा."

"तुमच्या तांबड्या तट्टाले?"

इसरूनं मिठाच्या गोणीची दोरी सोडली, पुन्हा बांधली. मग बाजार उठेपर्यंत थांबून त्यानं सगळं सांगितलं. पागेबाहेर त्याची घोडी गाभडली, त्याच पहाटे आत सावळी व्याली. मनसाराम म्हणाला, शिंगराची माय मेली, तू वाचव. दिवाळीला परत आण, वर्षभर तलावाकाठी तुझी तट्टं चरू दे. बाजारकऱ्याला उन्हाळ्यात पाण्याकाठची जागा म्हणजे मोठी गोष्ट. त्यानं माय खरंच मेली का, हे विचारलं नाही.

"कातडं कोणी बांधलं?"

"डोमानं. मनसाराम उभा होता."

६

नानाजींच्या ओसरीवर कांताबाईंनी फोटो मांडला. लांबी, कान, कातडं, शिडी, इसरू, एकेक. मनसाराम शेवटपर्यंत शांत ऐकत होता. मग म्हणाला, "डोमानं मले फसवलं, मालक."

डोमानं कांताबाईंकडे पाहिलं.

"नानाजी," कांताबाईंनी विचारलं, "येत्या दिवाळीत जंगलातून पंचकल्याणी शिंगी आली असती, तर कुठून आली म्हणून पुसलं असतं?"

"घोड्याचे दात पाहतात बाई. घर पाहत नाईत." नानाजींनी सुपारी तोंडात टाकली. विचारायचं नाही, एवढाच त्यांचा या कामातला वाटा होता, आणि तो त्यांनी नीट पार पाडला होता. निकालही त्यांनीच दिला: शिंगी भागीरथेची, सावळीही तिच्याकडेच राहील, आणि डोमानं उद्यापासून येऊ नये. मनसारामला ते काही बोलले नाहीत. पागेच्या व्यवहारातलं त्याला इतकं ठाऊक होतं की त्याला काढणं परवडणारं नव्हतं.

कांताबाईंनी डोमासाठी दोन शब्द टाकले. नानाजींनी ते सुपारीसारखेच चघळले.

दुसऱ्या दिवशी घोटच्या पुढं, साजाच्या झाडांच्या जंगलातल्या एका टोल्यावर, लहानशा पाड्यावर, इसरूच्या बहिणीच्या अंगणात भागीरथा उभी राहिली. बहिणीचं नाव बुधरी. तिनं आधी पाणी दिलं, मग बोट दाखवलं.

शिंगी तट्टाच्या खाली मान घालून पीत होती. सहा आठवड्यांतच या दूधआईच्या खांद्याला लागली होती; पिण्यासाठी तिला पुढचे पाय फाकवावे लागत. कांताबाईंनी तिचं नाक पाहिलं, ताप पाहिला. रोगट कातडं दोन दिवस पाठीवर होतं, त्याची त्यांना वाटभर धास्ती होती. थोडं पडसं होऊन गेलं म्हणे. आता काही नव्हतं.

भागीरथा जवळ गेली तसं तट्टानं कान मागे पाडले आणि ते मधे येऊन उभं राहिलं. भागीरथेनं हात पुढे केला. तट्टानं दात दाखवले.

"घेऊन जा बाई," इसरू खाली पाहत म्हणाला. "तुमची हाय."

"नेऊन काय पाजू? सावळी आटली." भागीरथा भिंतीला धरून हळूहळू खाली बसली, गुडघ्यांचा विचार न करता. "दसऱ्यापर्यंत इथीच राहू दे. मंग नेतो."

"बरं."

"अन् ऐका. हिनं पाजलं म्हंजे पाळलं. बटई झाली. शिंगीचं पहिलं पिल्लू होईन, ते तुमचं."

इसरू गोंधळला. "पहिलं मालकाचं असते. पाळणाऱ्याचं दुसरं."

"दुसऱ्याची वाट पाहून मी पाह्यली," भागीरथा म्हणाली. "पहिलंच घ्या."

बुधरीनं भावाला गोंडीत काहीतरी सांगितलं. त्यानं मान हलवली. कोणी कागद मागितला नाही.

घोटच्या स्टँडवर बसची वाट पाहताना कांताबाईंनी वर पाठवायचं पत्र लिहून काढलं: जानेवारीतला आपला दाखला चुकीचा होता, तो रद्द समजावा. याचा ठपका सेवापुस्तकात येणार, हे त्यांना माहीत होतं.

"कायले लिवता?" देवराव म्हणाले. "शिंगी तं सापडली."

"कागद अजून मेलं म्हणतो."

देवराव बोटांवर मोजू लागले. "नानाजीची चार गेली, ते त्याच्याच दिवाळीच्या घोडीनं. या चोरीचं त्यानं काई भरलं नाई. मनसाराम आजबी गादीवर. डोमाची भाकर गेली. इसरूचं एक मेलं, त्याच्या बदल्यात पुढं कवातरी एक. तुमाले ठपका." बोटं संपली नव्हती. "अन् भागीरथा?"

मागच्या बाकावर भागीरथा पाय लांब करून गुडघे चोळत होती. पुढची तीन वर्षं टोपली तिच्याच डोक्यावर असणार होती.

"तिचं चोरलं," कांताबाई म्हणाल्या, "आणि भरलंही तिनंच."